एका विशेषणाचा माग : हेनिंग मानकेल यांची हिवाळी तपासकादंबरी

मराठी समीक्षेने रहस्यकथेकडे पाहिले ते बहुधा पाठ फिरवूनच. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली, दोन पिढ्यांना वाचनाची चटक लावली, झुंजार आणि काळा पहाड ही नावे घराघरांत नेली. पण वाङ्मयेतिहासात त्यांच्या वाट्याला आली ती फार तर एखादी ओळ, आणि तीही संख्येच्या कौतुकाची. या उपेक्षेमागे एक गृहीतक आहे. रहस्यकथा म्हणजे कोडे. कोडे सुटले की संहिता संपली. आणि वाचून झाल्यावर ज्यातले काही उरत नाही ते साहित्य नव्हे. पुष्कळ रहस्यकथांना हे माप नेमके लागू पडते, हे मान्य करायला हवे. परंतु कोडे सुटल्यानंतरच जिचा खरा प्रश्न सुरू होतो अशी एखादी तपासकादंबरी समोर आली, म्हणजे समीक्षकाला आपले माप पुन्हा तपासून घ्यावे लागते.

स्वीडिश लेखक हेनिंग मानकेल (1948–2015) यांची 1991 साली प्रसिद्ध झालेली ‘म्योर्दारे उतान आन्सिक्ते’ ही अशा प्रकारची कादंबरी आहे. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘चेहरा नसलेले मारेकरी’. इन्स्पेक्टर कुर्ट वालांडर हे पात्र येथे प्रथम अवतरले. उत्तर युरोपातील गुन्हेगारी कादंबऱ्यांसाठी 1992 पासून देण्यात येऊ लागलेल्या ‘ग्लास की’ या पुरस्काराची पहिली मानकरी हीच कादंबरी. स्टीव्हन मरे यांनी केलेले इंग्रजी भाषांतर 1997 मध्ये निघाले, आणि आपल्याकडील वाचकांपर्यंत ती पोचली ती मुख्यतः या भाषांतराच्या वाटेने. शेवट सांगितल्यावाचून तिची चर्चा करता येत नाही. तेव्हा रहस्य राखून वाचू इच्छिणाऱ्यांनी आधी कादंबरी वाचावी हे बरे.

जानेवारी 1990. स्वीडनच्या दक्षिण टोकाला, बाल्टिक समुद्राच्या काठी यस्टाड नावाचे बंदराचे लहान गाव आहे. त्याच्या आसपासच्या शेतवस्तीत एक वृद्ध शेतकरी पहाटे जागा होतो आणि शेजारच्या घराकडे पाहतो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे, तबेल्यातील घोडीची नेहमीची हाक ऐकू येत नाही. शेजारी योहानेस लोवग्रेन याला हालहाल करून मारलेले आहे. त्याची पत्नी मारिया गळ्यात फास अडकवलेल्या अवस्थेत अजून जिवंत आहे. इस्पितळात तीही मरते, पण मरण्यापूर्वी एक शब्द उच्चारते : ‘उतलेन्स्क’. परदेशी.

संपूर्ण कादंबरी या एका शब्दाच्या खांद्यावर उभी आहे. व्याकरणाच्या दृष्टीने ते केवळ विशेषण आहे. त्याला विशेष्य नाही. परदेशी काय? माणसे? भाषा? फासाची गाठ? पैसा? मरणाऱ्या स्त्रीने वाक्य अर्धे टाकले आणि ते पूर्ण करण्याचे काम जिवंतांवर आले. पोलीस ते आपल्या पद्धतीने पूर्ण करू पाहतात. जुना, अनुभवी सहकारी रिडबर्ग फासाच्या गाठीकडे बोट दाखवतो. ती गाठ नेहमीची नाही असे त्याचे म्हणणे. पण शब्द पोलीस कचेरीबाहेर फुटतो, वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी तो उचलतात, आणि मग समाज ते वाक्य पोलिसांपेक्षा कितीतरी लवकर पूर्ण करून टाकतो. निर्वासितांच्या छावणीला आग लावली जाते. धमकीचे दूरध्वनी येतात. छावणीतील एक सोमाली निर्वासित, अनेक मुलांचा बाप, एकटा फिरत असताना गोळ्या घालून ठार केला जातो. एका खुनाचा तपास चालू असताना, त्या खुनाचा सूड म्हणून, दुसरा खून पडतो; आणि वालांडरला दोन्हींचा माग घ्यावा लागतो.

या विशेषणाचे मराठी करू पाहिले की त्याची धार लक्षात येते. ‘परदेशी’ म्हटले की पारपत्र आणि सीमा आठवतात. ‘परका’ म्हटले की शेजारचे घरही त्यात येऊ शकते. मराठीत पोटची मुलगीसुद्धा परक्याचे धन असते. ‘उपरा’ म्हणावे, तर लक्ष्मण माने यांच्या 1980 सालच्या आत्मकथनानंतर त्या शब्दाला गावाबाहेर ठेवलेल्या माणसाची अशी काही वेदना चिकटली आहे, की तो मारियाच्या तोंडी घालताच येणार नाही. कारण मारिया ज्याच्याकडे बोट दाखवते आहे तो बाहेरून आलेला आहे आणि ती आतली आहे, असे निदान तिला वाटते. कादंबरीचा उत्तरार्ध तिच्या या आतलेपणावरच प्रश्नचिन्ह लावतो.

मानकेल यांनी निवडलेला ऋतू आणि निवडलेले गाव यांचा विचार येथे करायला हवा. हिवाळी गावातील खून हा गुन्हेगारी कादंबरीचा आता जवळजवळ साचाच बनला आहे : बर्फ, त्यावरचे रक्त, त्यावरची पावले. मानकेल यांच्या कादंबरीत हे चित्रमय बर्फ फारसे नाही. स्कोने हा प्रांत उर्वरित स्वीडनच्या मानाने सौम्य हवामानाचा. तेथील हिवाळा म्हणजे शून्याच्या आसपास घोटाळणारे तापमान, चिखल, समुद्रावरून येणारा बोचरा वारा आणि जानेवारीत सात-साडेसात तासांचा दिवस. हिमवादळ येईल अशी धास्ती वालांडरच्या मनात सतत आहे. न आलेल्या वादळाची ही धास्ती आणि न दिसलेल्या परक्याची धास्ती या दोन्ही लेखकाने शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, आणि त्यांचा संबंध कुठेही बोलून दाखवलेला नाही. कादंबरीतील सर्वांत संयमी लेखन या जागी आहे असे मला वाटते. पुढे 1999 साली आपल्या वालांडर-कथांच्या संग्रहाला लिहिलेल्या प्रास्ताविकात मानकेल यांनी या संपूर्ण मालिकेला ‘स्वीडिश अस्वस्थतेच्या कादंबऱ्या’ असे उपशीर्षक सुचवले. ही अस्वस्थता पहिल्या कादंबरीत हवामानाच्या रूपाने येते.

गावाची निवडही सहजगत्या झालेली नाही. यस्टाडहून बोटी पोलंडला जातात. कादंबरीतील खुनाच्या अवघे दोन महिने आधी, 9 नोव्हेंबर 1989 रोजी, बर्लिनची भिंत पडलेली होती. बाल्टिकच्या पलीकडचा युरोप अचानक अलीकडे आला होता. त्या वर्षी स्वीडनमध्ये सुमारे 30,000 लोकांनी आश्रय मागितला, आणि 13 डिसेंबर 1989 रोजी तेथील सरकारने आश्रयाचे नियम एका निर्णयासरशी आवळले. यस्टाडच्या शेजारीच असलेल्या शोबो या नगरपालिका क्षेत्राने त्याच्याही आधी, 18 सप्टेंबर 1988 रोजी, राष्ट्रीय निवडणुकीच्या दिवशीच स्थानिक जनमत घेऊन निर्वासितांना जागा देण्यास नकार दिला होता. सुमारे दोन तृतीयांश मते नकाराच्या बाजूने पडली. उदार, कल्याणकारी, जगाच्या अंतःकरणाची काळजी वाहणारा म्हणून मिरवणाऱ्या देशाच्या पोटातला हा आवाज होता. मानकेल ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून वर्षाचा बराच काळ मोझांबिकमध्ये राहत, मापुटोतील एका रंगभूमीशी त्यांचा दीर्घकाळ संबंध होता. दूरवरून परतून आलेल्या माणसाला घरातला बदललेला वास लवकर जाणवतो. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून जानेवारी 1992 पर्यंत स्टॉकहोम आणि उप्साला परिसरात एका इसमाने 11 व्यक्तींवर, स्थलांतरित आहेत एवढ्याच कारणाने, गोळ्या झाडल्या. त्यांतील एक मरण पावला. कादंबरीकाराने भविष्य वर्तवले असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. हवेत काय आहे ते त्याने लिहिले होते.

आणखी एक गोष्ट, जी कादंबरीत नाही पण तिच्या भूमीत आहे. स्कोने प्रांत मुळात डेन्मार्कचा. 1658 च्या कडक हिवाळ्यात स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव गोठलेल्या सामुद्रधुनींवरून सैन्य घेऊन चालत गेला, आणि रोस्किल्डच्या तहाने हा प्रांत स्वीडनला मिळाला. तेव्हा आज ज्यांना परदेशी माणसाची भीती वाटते त्यांचे पूर्वज त्या एका हिवाळ्यात, घरचा उंबरठा न ओलांडता, परदेशी झाले होते.

आता मूळ तपासाकडे. वालांडर जसजसा लोवग्रेन दांपत्याच्या आयुष्यात शिरतो, तसतसा मृत योहानेसच अनोळखी होत जातो. साधासुधा, काटकसरी शेतकरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने महायुद्धाच्या काळात जर्मनांशी मांसाचा व्यवहार करून गुप्तपणे संपत्ती जमवलेली आहे. दुसऱ्या गावात त्याची एक स्त्री आहे, तिच्यापासून झालेला मुलगा आहे. मारियाला यातले काहीही ठाऊक नाही. उभा जन्म एका छपराखाली काढून नवरा परका राहिला. शेजाऱ्याने भिंतीला भिंत लावून आयुष्य घालवले आणि त्यालाही पत्ता नाही. वाचकाच्या मनात येथे एक अपेक्षा आकार घेऊ लागते : खुनी घरातलाच असणार. अनौरस मुलगा, दडवलेला पैसा, जुना अपराध. मारियाच्या शब्दाचा अर्थ काही वेगळाच निघणार आणि छावणीवर चालून गेलेल्या समाजाला त्याच्या पूर्वग्रहाची लाज वाटणार. वालांडरही या दिशेने बरेच दिवस धावतो.

या अपेक्षेला या वाङ्मयप्रकाराचा दीड शतकाचा इतिहास आहे. आर्थर कॉनन डॉयल यांच्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये (1890) विषारी काट्याने जीव घेणारा टोंगा हा अंदमानचा रहिवासी आहे, धोका समुद्रापलीकडून लंडनमध्ये येतो, आणि भारतीय वाचकाला त्या पानांवर आपलाच भूगोल संशयिताच्या पिंजऱ्यात उभा दिसतो. परंतु त्याही आधी, 1868 मध्ये, विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’ने या समजाला सुरुंग लावला होता. तेथे हिऱ्याच्या चोरीचा संशय तीन ब्राह्मणांवर घेतला जातो, आणि प्रत्यक्ष चोर निघतो तो धर्मादाय कार्यात मिरवणारा इंग्रज सद्गृहस्थ. तेव्हापासून सुजाण रहस्यकथेने हा धडा इतका गिरवला, की परदेशी माणूस संशयित म्हणून पुढे आला की तो निर्दोष असणार हे सराईत वाचक गृहीतच धरू लागला. पूर्वग्रहाविरुद्धची ही उपाययोजना कालांतराने स्वतःच एक संकेत बनली.

मानकेल हा संकेत मोडतात. मारियाचा शब्द खरा असतो, आणि अगदी सरळ अर्थाने खरा असतो. खून करणारे दोघे पूर्व युरोपातून आश्रय मागत आलेले आहेत. बँकेत मोठी रक्कम काढणारा म्हातारा त्यांना दिसला, आणि त्यांनी त्याचा पाठलाग केला. घरातला गुप्त इतिहास, युद्धातला पैसा, अनौरस मुलगा यांचा खुनाशी थेट संबंध नाही. पानेच्या पाने आपण जे खणत होतो ते खरे होते, पण ते उत्तर नव्हते.

या शेवटावर आक्षेप घेता येतो, आणि तो हलक्याने झटकून टाकण्यासारखा नाही. परक्यांविषयीच्या द्वेषाचे बीभत्स चित्र रंगवणाऱ्या लेखकाने शेवटी द्वेष करणाऱ्यांचेच म्हणणे खरे ठरवले नाही काय? ज्याने छावणी पेटवली तो शेवटचे पान वाचून ‘मी म्हणत नव्हतो?’ असे म्हणू शकेल. कथानकाच्या पातळीवर हा आक्षेप खरा आहे.

तरीही या शेवटाची बाजू घ्यावी असे मला वाटते. क्षणभर उलट कल्पना करून पाहावी. खुनी स्थानिक निघाला असता तर वाचकाला सुखाने पुस्तक मिटता आले असते : निर्वासित निर्दोष आहेत, म्हणून त्यांच्यावर हल्ला करणे वाईट. या ‘म्हणून’मध्ये मोठी गोम आहे. सोमाली माणसाच्या जगण्याचा हक्क मग लोवग्रेनच्या खुनाच्या तपासावर अवलंबून राहतो. तपासाचा निकाल दुसरीकडे गेला की हक्कही डळमळतो. मानकेल निकाल दुसरीकडे नेतात आणि वाचकाला विचारतात : आता? लोवग्रेनला परदेशी माणसांनी मारले हे सिद्ध झाले आहे. त्याने रस्त्यात एकट्या चालणाऱ्या सोमाली माणसाच्या मरणात काय फरक पडला? त्याच्या खुनाचे दोन मारेकरी वालांडरने शोधून काढलेले आहेत, आणि त्यांतील एक माजी पोलीस आहे. या दोन निकालांना एकमेकांत मिसळू न देणे हे कादंबरीचे बळ आहे. निष्पापपणाच्या प्रमाणपत्रावर मिळणारा आश्रय हा आश्रय नव्हेच, हे तत्त्व भाषणातून मांडणे सोपे. कथानकाच्या किमतीवर मांडायला धैर्य लागते. आपल्याकडेही एखाद्या शहरात गुन्हा घडला की ‘तो कुठला?’ हा प्रश्न ‘तो कोण?’ या प्रश्नाच्या आधी विचारला जातो, आणि उत्तर परप्रांताचे निघाले तर काही गल्ल्यांतील दिवे त्या रात्री लवकर विझतात. या देशात कुठल्याही भाषेत वाचणाऱ्याला ही कादंबरी दूरची वाटू नये.

माझी तक्रार वेगळी आहे. कादंबरीचे शीर्षक ज्यांना चेहरा नाही असे म्हणते त्यांना कादंबरीनेही चेहरा दिलेला नाही. खुनी दोघे शेवटच्या काही पानांत येतात, ओळखले जातात, पकडले जातात. त्यांना आवाज असा नाही. ज्या विशेषणाचा माग साडेतीनशे पानांच्या आसपास आपण घेतला ते अखेर विशेष्याला भेटते तेव्हा विशेष्य रिकामे असते. त्याहून गंभीर बाब सोमाली माणसाची. तो मेल्यावर आपल्याला भेटतो. त्याच्या मुलाबाळांचा उल्लेख येतो आणि कथन पुढे सरकते. छावणीतील माणसे जमाव म्हणून दिसतात. वालांडर जळत्या बराकीत शिरतो तो प्रसंग थरारक आहे, पण आत कोण आहे यापेक्षा आत कोण शिरले याकडे लेखकाची नजर आहे. द्वेषाला विरोध करणारी आणि तरीही द्वेषाच्या बळींना दुरूनच पाहणारी ही दृष्टी त्या काळच्या सहृदय युरोपीय लेखनाची मर्यादा म्हणता येईल.

वालांडरच्या व्यक्तिगत आयुष्याचा पसारा मात्र लेखकाने आस्थेने मांडला आहे, कधी कधी गरजेपेक्षा अधिक. बायको सोडून गेलेली, मुलगी दुरावलेली, दारू पिऊन गाडी चालवताना स्वतःच्याच सहकाऱ्यांच्या हाती सापडणे, सरकारी वकील स्त्रीशी केलेले आगळिकीचे वर्तन. खचलेला तपास-अधिकारी हे पुढे उत्तर युरोपीय कादंबरीचे चलनी नाणे झाले, आणि त्यावर फार थांबण्याचे कारण नाही. माय श्योवाल आणि पेर वाहलो या जोडीने 1965 ते 1975 या दशकात दहा कादंबऱ्यांतून उभा केलेला मार्टिन बेक हा या घराण्याचा मूळपुरुष. मानकेल त्यांचे ऋण नाकारत नाहीत. पण वालांडरचा म्हातारा बाप ही खास मानकेल यांची निर्मिती. हा चित्रकार आयुष्यभर एकच निसर्गदृश्य रंगवतो. फरक एवढाच, की काही चित्रांत एक रानकोंबडा असतो आणि काहींत नसतो. हा बाप एका रात्री झोपण्याच्या कपड्यांत शेतात भटकताना सापडतो. आपण इटलीला निघालो आहोत असे सांगतो. वालांडरला एका क्षणी बापही अनोळखी होतो. त्याची मुलगी लिंडा एका केनियन विद्यार्थ्यावर प्रेम करते हे कळल्यावर त्याच्या मनात जे हलते ते छावणी पेटवणाऱ्यांच्या मनातल्यापेक्षा जातीने वेगळे आहे काय, असा प्रश्न लेखक विचारत नाही. वाचकाला तो पडल्यावाचून राहत नाही. मारियाचे विशेषण अशा रीतीने नवऱ्याला, बापाला, मुलीला, शेवटी वालांडरच्या स्वतःच्या प्रतिक्रियांना लागत जाते. ज्यांना ते प्रथम लावले गेले तेवढ्यांपाशी मात्र त्याच्या अर्थाला खोली येत नाही.

तपासाची रीतही लक्षणीय आहे. शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश 1932 पासून स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो. बुद्धीच्या जोरावर सत्य हाती येईल अशी त्याची श्रद्धा आहे. वालांडरला ही श्रद्धा परवडत नाही. त्याचे तर्क बहुतेक चुकतात. लोवग्रेन-खुनाची उकल होते ती एका बँक-कर्मचारी तरुणीच्या विलक्षण स्मरणशक्तीमुळे, आणि तीही महिने उलटल्यावर. खून जानेवारीतला, मारेकरी हाती लागतात ते उन्हाळ्यात, किविकच्या गजबजलेल्या जत्रेत. मधल्या काळात हिवाळा संपतो, लोकांचे लक्ष उडते, वृत्तपत्रांना दुसरे विषय मिळतात, रिडबर्ग कर्करोगाने खंगत जातो. ज्या शब्दासाठी एका माणसाचा जीव गेला त्याचा अर्थ लागेपर्यंत तो शब्द ऐकायला कुणी थांबलेले नसते. 28 फेब्रुवारी 1986 च्या रात्री स्टॉकहोमच्या रस्त्यावर पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा खून झाला. 1989 मध्ये एका आरोपीला दोषी ठरवण्यात आले आणि त्याच वर्षी वरिष्ठ न्यायालयाने त्याला सोडले. अशा देशातल्या वाचकाला वालांडरचे हे उशिराचे, थकलेले यश फार खोटे वाटले नसावे.

एका लहान तपशिलाविषयी लिहायचे राहिले आहे. खुनाच्या रात्री तबेल्यातील घोडीपुढे कुणीतरी वैरण टाकलेली आढळते. लोवग्रेनच्या घरात जे घडले ते पाहिल्यावर ही मूठभर वैरण वालांडरला आणि रिडबर्गला बुचकळ्यात टाकते. ती खून करून जाणाऱ्यांनीच टाकलेली असणार. कादंबरी या तपशिलाचा उपयोग तपासातील दुवा म्हणून करते. खुन्यांनी केलेली, कुणालाही ओळखू येईल अशी तेवढीच एक कृती पुस्तकात आहे : अंधारात, थंडीत, भुकेल्या जनावरापुढे चारा टाकणारा हात. मानकेल तो हात दाखवतात आणि चेहऱ्यापर्यंत न जाता खाली ठेवतात.